भूमिकेतून समाजकार्याकडे

भारतात समाजकार्याचे औपचारिक शिक्षण १९३६ साली मुंबईत, सर दोराबजी टाटा यांच्या नावाने स्थापन झालेल्या विद्यालयात सुरू झाले. हीच संस्था पुढे 'टाटा समाजविज्ञान संस्था' या नावाने प्रसिद्धीस आली. व्याख्यानांच्या जोडीला वस्तीत वा रुग्णालयात प्रत्यक्ष काम करणे, म्हणजेच क्षेत्रकार्य, हे या शिक्षणाचे महत्त्वाचे अंग होय. परंतु नवशिक्या विद्यार्थ्याच्या तोंडून गेलेला एखादा अविचारी शब्द समोरच्या दुःखी माणसाला दुखावतो आणि तो परत घेता येत नाही. अशी चूक वर्गातच व्हावी आणि वर्गातच सुधारावी, यासाठी नाट्याचा उपयोग केला जातो.

समजा, एका गरीब घरातील मुलीची शाळा सुटली आहे. वर्गातील एक विद्यार्थी तिचा बाप होतो, तर दुसरा तिच्या घरी आलेला कार्यकर्ता. कार्यकर्ता शिक्षणाचे महत्त्व सांगू लागतो. बाप बराच वेळ ऐकून घेतो व शेवटी विचारतो, "आम्ही दोघं कामावर गेल्यावर धाकट्या पोरांना कोण बघणार, साहेब?" कार्यकर्ता निरुत्तर होतो. प्रसंग संपल्यावर चर्चा होते. उपदेश ऐकताना आपल्याला राग आला, हे बाप झालेला विद्यार्थी सांगतो. मग तोच प्रसंग पुन्हा सादर होतो. या वेळी कार्यकर्ता आधी घरचा दिनक्रम विचारतो आणि बोलणे धाकट्यांना अंगणवाडीत पाठवण्यापर्यंत येते.

प्रसंग थांबवून तो बदलण्याची ही रीत ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल (१९३१-२००९) यांनी विकसित केली. १९७३ साली पेरू देशातील एका प्रयोगात नटांनी आपली सूचना नीट वठवली नाही, म्हणून प्रेक्षकांतील एक स्त्री स्वतःच रंगमंचावर चढली. प्रेक्षकानेच पात्र होऊन उपाय करून पाहण्याचे 'फोरम थिएटर' त्यातून आकारास आले. पश्चिम बंगालमध्ये १९८५ साली स्थापन झालेल्या 'जन संस्कृती' या संस्थेने ते खेड्यापाड्यांत नेले.

अर्थात, या पद्धतीत काही पथ्ये पाळावी लागतात. खऱ्या कुटुंबाची ओळख उघड होऊ देऊ नये. कोणाच्या बोलीची वा गरिबीची नक्कल करून हशा मिळवू नये. प्रयोगानंतरची चर्चाही कधी टाळू नये. घटकाभर दुसऱ्याच्या जागी उभे राहिल्याने त्याचे सारे दुःख कळते असे नाही. मात्र बोलण्याआधी ऐकावे, एवढे शहाणपण विद्यार्थ्याच्या अंगी येते.