ब्लास्केट सेंटर, डनक्विन

आयर्लंडच्या केरी काउंटीत, ग्रेट ब्लास्केट बेटासमोरच्या किनाऱ्यावर १९९३ साली हे संग्रहालय उघडलं. बेटावरचे लोक आयरिश बोलत. मासेमारी आणि मेंढ्यांवर गुजराण. ना डॉक्टर, ना पाद्री, ना दुकान. तरुण अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जात राहिले. एके काळी दीडशेच्या वर असलेली वस्ती बावीसवर आली आणि १७ नोव्हेंबर १९५३ रोजी सरकारने बेट रिकामं करायला घेतलं.

संग्रहालयाचा खरा ऐवज मात्र पुस्तकं! टोमास ओ क्रोहन या कोळ्याचं आत्मचरित्र १९२९ चं, मॉरिस ओ'सलिव्हनचं १९३३ चं. पेग सेयर्सने तर आपलं आयुष्य मुलाला तोंडी सांगितलं, त्याने ते उतरवून घेतलं. एवढ्याशा गावात इतके लेखक म्हणजे नवलच.