लष्करी दप्तरातील पूर्वज

मराठवाड्यातील माळवदाची घरे उतरवून सिमेंटची घरे उभी राहू लागली, तसतशा त्या घरांतील पत्र्याच्या पेट्याही उघडू लागल्या. येडशीसारख्या गावात अशी पेटी उघडली की तिच्यात सेतवारीच्या नकला, सावकाराची फेडलेली खते आणि क्वचित एखाद्या शिपायाचे कागद निघतात. घडीवर फाटलेले, शाई फिकी झालेले, इंग्रजी किंवा उर्दू मजकुराचे. घरात दंतकथा आधीपासून असतेच. पणजोबा मोठ्या लढाईत होते, त्यांना शौर्याचे पदक मिळाले होते, साहेब त्यांना नावाने ओळखत असे. कागदाने या कथेला दुजोरा द्यावा, एवढीच घरच्यांची अपेक्षा असते.

असे कागद विद्यार्थी अधूनमधून माझ्याकडे आणतात. वस्तुतः हे काम इतिहासाच्या प्राध्यापकांचे. परंतु ते वाचताना अर्थशास्त्राच्या अध्यापकाला प्रथम जाणवते ते हे की, शिपायाचा सेवापट म्हणजे मालकाने नोकराविषयी ठेवलेला हिशेब आहे. तो हिशेबासारखाच तपासला पाहिजे. प्रत्येक रकान्यापाशी थांबून विचारावे : ही नोंद चुकली असती तर नुकसान कोणाचे झाले असते? ज्या नोंदीच्या चुकीने कोणाचा तरी पैसा बुडणार होता ती बहुधा खरी असते. ज्या चुकीची कोणालाच झळ नव्हती, तिच्यावर विसंबून राहू नये.

त्याआधी मात्र आपल्या भागात एक प्रश्न सोडवावा लागतो. शिपाई कोणत्या सरकारचा? १९४८ पर्यंत येडशी निजामाच्या राज्यात होती आणि घाट उतरून काही मैल गेले की बार्शी, म्हणजे इंग्रजी मुलूख. बार्शी लाइट रेल्वे १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत आली, तेव्हा हे अंतर आणखी कमी झाले. मोगलाईतला तरुण छोट्या गाडीत बसून इंग्रजांच्या पलटणीत भरती होऊ शकत होता, तसाच हैदराबादला जाऊन निजामाच्या फौजेतही. पहिल्याचा माग बेळगावकडे जातो, दुसऱ्याचा हैदराबादच्या तारनाका येथील पुराभिलेखागाराकडे. एकाच घरातील दोन भावांचे कागद दोन राज्यांत, दोन भाषांत आणि दोन कालगणनांत असू शकतात.

निजामाकडील कागदात पहिली अडचण तारखेची. तेथे फसली सन चाले आणि वर्ष ऑक्टोबरच्या प्रारंभी, आजूर महिन्याने सुरू होई. फसली सनात आजूर, दय आणि बहमन या महिन्यांसाठी ढोबळमानाने ५९० आणि पुढील महिन्यांसाठी ५९१ मिळवले की इसवी सन मिळतो. खुर्दाद १३५१ म्हणजे एप्रिल १९४२ चा सुमार. ताळा पाहायचा असेल तर जहागिरी रद्द करणारा हैदराबादचा कायदा घ्यावा. तो १३५८ फसलीचा आणि इसवी सन १९४९ चा. हे गणित न केल्याने १३५१ हा आकडा घरातील कोणीतरी हिजरी समजते आणि पणजोबा एकदम दहा वर्षे मागे जातात.

दुसरी अडचण शब्दांची, आणि ती अधिक फसवी, कारण ते शब्द आपल्या ओळखीचे असतात. निजामाच्या कवायती सैन्याला 'अफवाज-ए-बाकायदा' म्हणत. त्याबाहेरचे, अरब-रोहिल्यांसारख्यांचे सैन्य 'बेकायदा'. मराठी वाचकाला 'बेकायदा फौज' हे शब्द दिसले की आपला पूर्वज दरोडेखोरांत सामील होता की काय, अशी शंका येते. तेथे अर्थ एवढाच की ते नियमित पलटणींत मोडत नव्हते. 'वल्द', 'फौत', 'फरार' हे शब्द महसुली कागदांमुळे आपल्याला परिचित आहेत. आडनाव मात्र अनेकदा नसतेच. अमुक वल्द तमुक, मौजे अमुक, एवढ्यावर माणूस ओळखायचा, आणि एका गावात त्याच नावाचे दोघे असले तर वतनाच्या किंवा जमिनीच्या कागदाशी ताडून पाहायचे. जिल्हा 'नलद्रुग' असा लिहिला असेल तर घाबरू नये. नळदुर्ग हेच पूर्वी या जिल्ह्याचे नाव होते आणि इंग्रजी गॅझेटियरात ते तसेच छापले आहे.

इंग्रजी सेनेच्या कागदात पलटणींची बदलती नावे चकवतात. ११० वी मराठा पलटण १९२२ च्या पुनर्रचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. म्हणून एकाच शिपायाच्या दोन कागदांवर दोन क्रमांक दिसले तर त्याने पलटण बदलली असे समजण्याचे कारण नाही. त्याहून मौजेची गोष्ट हैदराबाद कंटिंजंटची. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा, असे हे सैन्य. १९०३ मध्ये ते हिंदी सेनेत विलीन झाले, १९२२ मध्ये त्याच्या पलटणींची एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट बनली आणि १९४५ मध्ये तिचेच नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. तिचे केंद्र आज रानीखेतला आहे. हैदराबाद हे नाव वाचून हैदराबादला गेलेला नातू रिकाम्या हाताने परत येणार.

आता रकान्यांकडे वळू. वय हा सर्वांत कच्चा रकाना. जन्मनोंद नसे, भरती करणाऱ्याला माणसे हवी होती, माणसाला नोकरी हवी होती, आणि सोयीचे वय दोघांनाही चालत होते. उंची, छाती, अंगावरचा व्रण या नोंदी मात्र विश्वासार्ह. फरारी शिपाई ओळखायला आणि पेन्शन भलत्याच्या हाती पडू नये म्हणून त्या सरकारच्याच उपयोगाच्या होत्या. भरतीची तारीख, बढतीची तारीख, पगार यांवर हिशेब तपासनिसाची नजर असे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी शिपायाचा पगार महिना अकरा रुपये होता. आज हसू येईल, पण कोरडवाहू गावात दरमहा येणारी रोकड ही वेगळीच चीज होती. लढाईच्या काळात भाव चढले, १९१८ चा पाऊस गेला, पाठोपाठ इन्फ्लुएन्झा आला. त्या सालातली भरतीची तारीख दिसली तर शौर्याबरोबर भुकेचाही विचार करावा. त्यात पूर्वजाची अप्रतिष्ठा काही नाही.

जातीच्या रकान्याबद्दल जरा थांबून बोलले पाहिजे. मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तेव्हापासून मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना गावोगाव मागणी आली. साहजिकच शिपायाच्या कागदातील 'क्लास' या रकान्याकडेही लोक आशेने पाहतात. त्या रकान्याचे मूळ ध्यानात घ्यावे. कोणत्या वर्गाचे लोक घ्यावेत, त्यांना कसे ओळखावे, यासाठी सेनेने अधिकाऱ्यांकरिता पुस्तिका काढल्या होत्या. मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावरील मेजर बेथम यांची पुस्तिका १९०८ ची आहे. शिपाई स्वतःला काय म्हणवीत होता यापेक्षा भरती अधिकाऱ्याच्या यादीत त्याला कोणती जागा होती, हे तो रकाना अधिक सांगतो. या यादीची दुसरी बाजू महार कुटुंबांच्या कागदांत दिसते. पिढ्यान्‌पिढ्या लष्करात असलेल्या घरात १८९० नंतरच्या दशकापासून १९१७ पर्यंत एकही शिपाई सापडत नाही, तेव्हा घरचे समजतात की कागद हरवले. कागद हरवलेले नसतात. सरकारने भरतीच बंद केली होती. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली, १९२१ मध्ये ती मोडली, आणि महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. तेथे रिकामी जागा हाच पुरावा आहे.

पदकांचे सांगायचे तर पुष्कळांचा हिरमोड होईल. घरोघरी 'शौर्यपदक' म्हणून जपलेली बहुतेक पदके त्या मोहिमेत नोकरी केलेल्या सर्वांना मिळालेली असतात. तथापि ती टाकाऊ नव्हेत. त्यांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि कागद वाळवीने खाल्ला तरी कड शिल्लक राहते. दुसऱ्या महायुद्धात तर इंग्रज शिपायांना कोरी पदके दिली गेली, हिंदी शिपायांची मात्र नाव कोरून. दसऱ्याला चिंच लावून ती घासण्याची चाल आता तरी सोडावी, अक्षरे झिजतात.

डिस्चार्जच्या दाखल्यावरील शेऱ्यांनीही घरे उगाच खजील होतात. 'सेवेची आवश्यकता उरली नाही' हा शेरा दिसला की पणजोबांना काढून टाकले असा बोभाटा होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सेना सुमारे पंचवीस लाखांवर गेली होती. शांतता झाल्यावर तेवढ्या माणसांचे सरकार काय करणार?

जे परतलेच नाहीत त्यांचे कागद सर्वांत त्रोटक. तुर्कांनी वेढलेले कूत एप्रिल १९१६ मध्ये शरण आले तेव्हा १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तेथे होत्या. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याला उभारलेल्या स्मारकावर इंग्रज शिपायाचे नाव कोरले गेले. हिंदी शिपाई त्याच्या पलटणीखालच्या आकड्यात गेला. या भेदभावाची कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या अहवालात दिली. पंजाबचे लोक याबाबतीत सुदैवी. लाहोरच्या संग्रहालयातील गाववार नोंदवह्यांतून सुमारे तीन लाख वीस हजार शिपायांची माहिती त्याच वर्षी खुली होऊ लागली. आपल्याकडे गाववार यादी करायची तर ती पेट्यांतूनच करावी लागेल.

त्या पेट्यांतल्या कागदात एक रकाना असा आहे, की तो घरचे सहसा वाचत नाहीत : वारसाचा. तेथे बायकोचे किंवा आईचे नाव असते आणि पेन्शनच्या पावतीवर तिचा अंगठा. जमिनीच्या उताऱ्यावर जिचे नाव कधी आले नाही, वंशावळीत जिला जागा नाही, तिची या घरातील एकमेव लेखी खूण बहुधा हीच. पैसे घरी पोचावेत ही शिपायाची स्वतःचीच गरज होती, म्हणून हे नाव त्याने नीट सांगितलेले असणार.

उर्दू शाळांतील शिक्षक छापील नस्तालिक सहज वाचतात. कारकुनी शिकस्त्यापुढे तेही अडतात. जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने सुट्टीत या वाचनाचा वर्ग काढला तर विद्यार्थी मिळतील, असा माझा अनुभव आहे. शिकवणारे कोठून आणणार हा प्रश्न आहे. १९४८ साली निजामाच्या शाळेत चौथीत असलेला मुलगा आज नव्वदीला टेकला आहे.