फडताळाची दारे : खुंटीपासून बिजागरीपर्यंत

शहापुरातले आमचे आजोळचे घर पाडायचे ठरले, तेव्हा मामांनी फोन करून विचारले, "तुला त्यातले काय पाहिजे ते सांग." मी दोन फडताळांची दारे मागितली. एक फडताळ माजघरातल्या भिंतीतले, दुसरे सोप्यातले. दोन्ही सागवानी. माजघरातली दारे अखंड फळीची, मागून दोन आडव्या पट्ट्या ठोकलेली. सोप्यातली चौकटीत पॅनेल बसवलेली. लहानपणी दोन्ही हजारदा उघडली असतील, पण ती फिरतात कशावर हे कधी बघितले नव्हते. ती टिळकवाडीतल्या घरी आणून नव्या कपाटाला बसवताना जे समजले, ते इथे मांडतो.

माजघरातल्या दारांना बिजागरीच नव्हती. भिंतीकडच्या कडेला फळीतूनच वर आणि खाली एकेक गोल खुंटी काढलेली, आणि ती चौकटीतल्या खळग्यात फिरणारी. वाड्यांच्या दिंडी दरवाजापासून देवघराच्या दारापर्यंत आपल्याकडे पूर्वी ही पद्धत सर्रास होती. लोखंड महाग आणि सुतार हाताशी, म्हणून ती सोयीची. पण नुसती काटकसर म्हणून ती टिकली असे मला वाटत नाही. थोडे गणित करू.

आमचे दार १२० सेंमी उंच, ४० सेंमी रुंद, अडीच सेंमी जाड. सागवानाची घनता साधारण ६५० किलो दर घनमीटर धरली तर वजन आठ किलोच्या आसपास. हे वजन कडेपासून २० सेंमीवर, म्हणजे दाराच्या मध्यावर आहे असे समजा. त्यामुळे दार वरच्या बाजूला चौकटीपासून सुटू पाहते आणि खालच्या बाजूला चौकटीवर दाबते. वरच्या आणि खालच्या आधारात ९० सेंमी अंतर असेल तर वरच्या आधारावर सुमारे पावणेदोन किलोची ओढ येते. तेच अंतर ४५ सेंमी केले की ओढ दुप्पट, साडेतीन किलो. खुंटीच्या दारात दोन्ही आधार अगदी टोकाला, म्हणून ओढ सगळ्यात कमी. शिवाय उभे वजन थेट खालच्या खळग्यावर. उपटून येईल असा एकही स्क्रू नाही.

असे दार बसवतात कसे, याचे मला कोडे होते. उत्तर खळग्यात होते. वरचा खळगा खालच्यापेक्षा खोल असतो. वरची खुंटी आधी आत सारायची, दार उचलून धरायचे, खालची खुंटी जागेवर आणायची आणि दार खाली सोडायचे. काढताना उलटे. घर पाडणाऱ्यांना हे माहीत नव्हते. त्यांनी पहार घातली आणि डाव्या दाराची खालची खुंटी मोडली. दोन हातांनी उचलले असते तर दार मिनिटभरात निघाले असते. मी त्या दिवशी तिथे नव्हतो, ही माझी चूक.

सोप्यातल्या दारांना लोखंडी बिजागऱ्या होत्या. दोन पात्यांची ओतीव बिजागरी इंग्लंडमध्ये १७७५ च्या पेटंटनंतर पसरली. बेळगाव १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेले आणि इथे लष्करी छावणी झाली. शहापूर मात्र सांगली संस्थानात राहिले. संस्थान वेगळे असले तरी बाजार शेजारचाच, तेव्हा छावणीसाठी येणारा माल सुतारांच्या हाती पडायला अडचण नसावी. हा माझा तर्क, पुरावा नव्हे.

पुरावा मिळाला तो स्क्रूंचा. जुने स्क्रू काढले की फेकू नका. आधी टोक बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाकडाचे स्क्रू बहुधा बोथट टोकाचे होते. अमेरिकेतले टोकदार स्क्रूचे पेटंट बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांनी १८५४ मध्ये घेतले आणि मग टोकदार स्क्रू सगळीकडे गेला. आमच्या बिजागऱ्यांत सगळे टोकदार, एका खाचेचे. म्हणजे हे काम १८५४ च्या आधीचे असणे कठीण. यातून दाराचे वय ठरत नाही, स्क्रू नंतरही बदलला असेल. पण पात्याखाली दुसरी जुनी भोके नव्हती. त्यामुळे बिजागरी आणि स्क्रू एकाच वेळचे असावेत.

आता बसवण्याचे काम. नव्या कपाटाची चौकट ओळंब्यात आहे का आणि तिचे दोन्ही कर्ण सारखे आहेत का, हे आधी तपासले. चौकट तिरकी असेल तर दोष दाराला देऊन उपयोग नाही. मग दार खाली पाचर देऊन उभे केले, सगळीकडे दोन मिलिमीटर फट ठेवली आणि बिजागरीच्या जागा एकदमच दोन्हीकडे आखल्या. खाच पात्याच्या जाडीइतकीच खोल हवी. जास्त खोदली तर दार पूर्ण मिटत नाही, मिटले तरी परत उसळते. तसे झाले तर पात्याखाली पुठ्ठ्याची चकती घालावी. सुरुवातीला प्रत्येक पात्याला एकच स्क्रू, दार उघडझाप करून बघायचे, मगच बाकीचे. सागवानात आधी बारीक भोक पाडावे आणि स्क्रूला साबण लावावा, नाहीतर पितळी स्क्रूची मान तुटते.

जुनी भोके सैल असतील तर त्यात सागाचा तुकडा सरसाने बसवावा. गोल दांडीचा तुकडा घातला तर स्क्रू दांडीच्या टोकाकडून, तंतूंना समांतर घुसतो आणि पकड कच्ची राहते. तुकडा आडव्या तंतूचा कापून घ्यावा. मोडलेली खुंटीही मी नव्या सागाची, फळीत खोलवर कुसू घालून केली. ती नवी आहे हे दिसते, आणि दिसावे असेच वाटते.

एक चूक मात्र महागात पडली. माजघराची दारे जुलैत बसवली. मधोमध एकमेकांना घासत होती. सुतारकाका म्हणाले, "साहेब, पावसात रंधा मारू नका बघा, दिवाळीनंतर बघू." मी ऐकले नाही, तीन मिलिमीटर काढले. फेब्रुवारीत दोन दारांच्या मध्ये बोट जाईल एवढी फट! लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. लाकडातला ओलावा पाच टक्क्यांनी कमी-जास्त झाला तर ४० सेंमी रुंद आडवी चिरलेली सागाची फळी सुमारे पावणेचार मिलिमीटर हलते. दोन दारे मिळून साडेसात. बेळगावच्या पावसात हे सहज घडते. सोप्यातल्या दाराला फक्त दोन उभ्या पट्ट्या, मिळून तेरा सेंमी, म्हणून त्याचा बदल एक-सव्वा मिलिमीटरच. मधले पॅनेल चौकटीच्या खोबणीत मोकळे असते, ते आतल्या आत फुगते आणि आकसते. म्हणूनच पॅनेलला कधी सरस लावू नये. माझी फट शेवटी मधल्या पट्टीखाली झाकली. पण काढलेले लाकूड परत येत नाही.

शहापूर, अनगोळ, वडगावात आज अशी घरे भराभर पडताहेत. सगळी वाचणार नाहीत, हे मान्य. निदान दारे काढण्याआधी एक तास द्या. उघडलेल्या आणि मिटलेल्या दाराचे फोटो घ्या, चौकटीतल्या खळग्यांची मापे लिहा, डावे-उजवे खडूने खूण करा, स्क्रू ज्या बिजागरीचे त्या बिजागरीसकट पिशवीत बांधा. आणि पहार लावण्याआधी दार एकदा वर उचलून बघा.