मथळा एकाचा, बोलणी दुसऱ्याला

घरातल्या सगळ्यांचे वाचून झाले, की घडी मोडलेला पेपर दुपारी आपल्या हाती येतो. पण बारकाईने तो वाचतो आपणच! त्यातही जिल्ह्याचे पान आधी. जिंतूरला काय घडले, गंगाखेडला कोण निवडून आले, मानवतला कापूस काय भावाने गेला, हे कळल्याशिवाय पेपर वाचल्यासारखे वाटत नाही. मात्र त्या पानावरच्या एवढ्याशा बातमीपायी रात्री दोन माणसांचे चांगलेच वाजलेले असते, हे आपल्याला कुठे ठाऊक असते?

ही दोन माणसे म्हणजे वार्ताहर आणि उपसंपादक. वार्ताहर गावोगाव फिरून बातमी आणतो. उपसंपादक कचेरीत बसून ती तपासतो, भाषा नीट करतो, जागेत बसेल एवढी कापतो आणि तिला मथळा देतो. आपल्या भाषेत सांगायचे तर एक मंडईतून भाजी आणणारा, दुसरा ती निवडणारा. आणणाऱ्याला वाटते, 'एवढी उन्हातान्हात जाऊन आणली, अर्धी टाकून दिली की!' निवडणाऱ्याला वाटते, 'माती, देठ, किडकं, सगळंच उचलून आणलंय!'

दोघांचेही खरे आहे. तालुक्याच्या वार्ताहराला बहुधा पगार नसतो. थोडेसे मानधन आणि जाहिरात मिळवून दिली तर तिचे कमिशन. धूळ खात पालम-सोनपेठकडची गावे पालथी घालून त्याने तीस ओळी लिहाव्यात आणि छापून याव्यात पाच! 'पंख्याखाली बसणाऱ्याला गोदाकाठ काय कळणार?' असे तो म्हणाला तर नवल काय?

उपसंपादकाचे दुःख वेगळे. त्याच्यापुढे रात्री बातम्यांचा ढीग. एखाद्या बातमीत अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, आभार मानणारे, सगळ्यांची नावे असतात, पण अपघातात जखमी किती, हेच नसते. पान वेळेत छपाईला गेले नाही तर गावोगावी जाणारी गाडी चुकते. म्हणूनच महत्त्वाचे ते आधी लिहावे, अशी या धंद्यातली रीत आहे. जागा कमी पडली की कात्री शेवटापासून लागते. पूर्वी बातमीचे पाकीट एस.टी.ने जायचे, तातडीची असेल तर तार करायची. आता मोबाइलवरून क्षणात बातमी पोचते. पण भांडण काही मिटलेले नाही.

सगळ्यात मोठे भांडण मथळ्यावरून. पुष्कळ वाचकांना वाटते, की ज्याने बातमी दिली त्यानेच मथळाही दिला. तसे नसते हो! मथळा सहसा कचेरीतच लिहिला जातो. पण तो बोचला की लोक जाब विचारतात गावातल्या वार्ताहराला. कचेरीतला माणूस त्यांना कधी दिसत नाही. वार्ताहराला मात्र त्याच चौकातून मुलांना शाळेत सोडायचे असते, त्याच दुकानातून किराणा आणायचा असतो.

मग ही कात्री हवीच कशाला? याचे उत्तर जुन्या इतिहासातच आहे. आगरकर 'केसरी'चे आणि टिळक 'मराठा'चे संपादक असताना कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याचा मजकूर या पत्रांनी छापला. रोख होता दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर. आधार म्हणून हाती आलेली पत्रे पुढे बनावट ठरली. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला आणि १८८२ साली दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. हेतू कितीही चांगला असला, तरी 'हे खरं कशावरून?' असे विचारणारा कोणीतरी लागतोच.

बाईची बातमी

आपल्या दृष्टीने तर हा प्रश्न फारच जिव्हाळ्याचा. अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख छापू नये, असे कलम १९८३ साली कायद्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे. उपसंपादक नाव खोडतो आणि आपले काम झाले असे समजतो. पण खाली 'गावातील अंगणवाडी सेविका' एवढे शब्द राहिले तर? शंभर उंबऱ्यांच्या गावात आणखी काय सांगायला हवे? हे दूर संभाजीनगरला किंवा नांदेडला बसलेल्या माणसाला सुचणार नाही. गाव पाहिलेल्या वार्ताहराला सुचेल. उलट, विहिरीत सापडलेल्या सुनेबद्दल पारावर चाललेली कुजबुज वार्ताहराने जशीच्या तशी लिहून पाठवली, तर ती खोडायला थंड डोक्याचा उपसंपादकच हवा. मेलेली बाई खुलासा करायला येत नाही!

गावावर कठीण वेळ येते तेव्हा तर एकेक शब्द तोलावा लागतो. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. अशा दिवशी 'आरोपी' लिहायचे की 'गुन्हेगार', 'मृत्यूचे कारण' लिहायचे की 'पोलिसांनी सांगितलेले कारण', हा केवळ व्याकरणाचा प्रश्न राहत नाही. एका घराची अब्रू आणि एका आईचा न्याय त्या शब्दांवर तोललेला असतो.

म्हणून या दोघांचे भांडण अगदीच मिटावे, असे मला वाटत नाही. वाईट आहे तो अबोला. बातमी कापण्यापूर्वी, निदान मथळा देण्यापूर्वी उपसंपादकाने वार्ताहराला एक फोन करावा. वार्ताहरानेही शंका विचारली म्हणून रुसून बसू नये. एवढे जमले तरी पुष्कळ.

आणि आपण काय करावे? चुकीची बातमी आली तर गल्लीतल्या वार्ताहराशी हुज्जत घालू नये. कात्रण जोडून, तारीख घालून संपादकांना पत्र लिहावे, खुलासा मागावा. दाद लागली नाही तर दिल्लीच्या प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. मात्र आधी संपादकांना लिहिलेले असावे लागते. पत्राची एक प्रत आठवणीने आपल्याजवळ ठेवा. आणि एखादी बातमी नेटकी, कुणाचे मन न दुखवता दिलेली दिसली, तर त्यासाठीही चार ओळी लिहा. नाहीतरी चांगल्या स्वयंपाकाला कोणी काही बोलत नाही, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे?