तीन हंगामांचे मौन

क्रिकेटच्या वेडात वाढणाऱ्या आपल्या मुलांना बेसबॉल फारसा ठाऊक नसतो. तरी जॅकी रॉबिन्सन हे नाव त्यांच्या कानावर पडावे, असे आम्हांस वाटते.

३१ जानेवारी १९१९ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणाऱ्या काळ्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. बाप घर सोडून गेला. आई मॅली पाच लेकरांना घेऊन कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे आली आणि लोकांच्या घरची कामे करून तिने मुले वाढवली. थोरला भाऊ मॅक याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्यात रौप्यपदक मिळवले. गावी परतल्यावर त्याच्या हाती रस्ते झाडण्याचा झाडू आला!

हे पाहिलेला जॅकी ऐकून घेणारा नव्हता. १९४४ साली टेक्सासमधील लष्करी छावणीत बसच्या ड्रायव्हरने त्याला मागे जाऊन बसायला फर्मावले. लेफ्टनंट रॉबिन्सन जागचा हलला नाही. कोर्टमार्शल झाले, त्यातून तो निर्दोष सुटला.

अशा माणसालाच गप्प राहण्याची अट घातली गेली. मोठ्या लीगचे दार सुमारे साठ वर्षे काळ्या खेळाडूंना बंद होते. त्यांची लीग वेगळी. ऑगस्ट १९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघाचे ब्रँच रिकी यांनी जॅकीला बोलावून त्याच्या तोंडावर शिव्या देऊन त्याची पारख केली. कोणी काहीही बोलो, उलट उत्तर द्यायचे नाही! जॅकीने ते मान्य केले. १९४६ चा हंगाम तो मॉन्ट्रिअलला खेळला आणि १५ एप्रिल १९४७ रोजी डॉजर्सतर्फे मैदानात उतरला.

त्याच महिन्यात फिलाडेल्फिया संघाने, खुद्द त्यांच्या मॅनेजरच्या पुढाकाराने, त्याच्यावर जातिवाचक शिव्यांचा भडिमार केला. जॅकी गप्प राहिला. अखेर एडी स्टँकी हा त्याचा गोरा सहकारी त्यांच्यावर ओरडला. वर्षअखेरीस सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान जॅकीलाच मिळाला.

१९४८ पासून तो दुसऱ्या बेसवर उभा राहू लागला. ही जागा अवघड. चेंडू झेलून पहिल्या बेसकडे फेकायचा, तोवर धावता गडी खिळ्यांचे बूट पुढे करून पायांवर घसरत येतो. तिथे रागाला सबब हवी असेल, तर ती रोजच मिळते.

तीन हंगाम संपले, अट सुटली. १९४९ मध्ये जॅकीने दर हजार प्रयत्नांमागे ३४२ यशस्वी फटके या सरासरीने लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, ३७ वेळा बेस चोरला आणि सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. आता तो पंचांशी वाद घालू लागला, अन्यायावर बोलू लागला. तेव्हा त्याच्या संयमाचे गोडवे गाणारेच त्याला तोंडाळ म्हणू लागले. आम्हांस विचाराल, तर त्यांना जॅकी नको होता, त्याचे मौन हवे होते.

१९५५ मध्ये डॉजर्सनी जागतिक मालिका जिंकली. १९५६ च्या हंगामानंतर जॅकीने खेळ सोडला. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटीत त्याचा सत्कार झाला. मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेलेली. तिथेही तो म्हणाला, की संघाचा मॅनेजर म्हणून काळा माणूस दिसला, तर आपल्याला अधिक आनंद होईल. नऊ दिवसांनी, वयाच्या ५३ व्या वर्षी, तो वारला.

एप्रिल १९७५ मध्ये क्लीव्हलंड संघाचा मॅनेजर म्हणून फ्रँक रॉबिन्सन मैदानात आला. आडनाव एकच, नाते काही नाही. त्या दिवशी पहिला मानाचा चेंडू टाकला जॅकीची पत्नी रेचेल यांनी.