वेतनातील प्राप्तिकर-कपात

नोकरदारास वेतन देतेवेळीच त्यातून प्राप्तिकराचा अंश वळता करून तो त्याच्या नावे सरकारी कोषात भरण्याची पद्धत. व्यवहारात ती ‘टीडीएस’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. हा निराळा कर नव्हे. वर्षाच्या उत्पन्नावर जो कर ठरावयाचा, त्याचा हा मासिक हप्त्यांनी केलेला आगाऊ भरणा होय. कपात मालक करीत असला, तरी कराचे दायित्व नोकरदाराचेच असते. त्यामुळे कापलेली रक्कम आणि प्रत्यक्ष देय कर यांत अंतर पडू शकते व ते भरून काढण्याची जबाबदारीही त्याच्यावरच राहते.

इतिहास : १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरीवर आलेला ताण कमी करण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये भारतात प्राप्तिकर आणला. १८८६ च्या अधिनियमाने या कराला स्थायी रूप दिले, सरकारी नोकरांच्या पगारातून तो कापून घेण्याची सोय केली आणि शेतीचे उत्पन्न करातून वगळले. १९२२ च्या अधिनियमाच्या कलम १८ मध्ये आणि त्यानंतर १९६१ च्या अधिनियमाच्या कलम १९२ मध्ये वेतन देणाऱ्या प्रत्येकावर कपातीचे बंधन घालण्यात आले. १ एप्रिल २०२६ पासून अंमलात आणण्यासाठी संमत झालेल्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्ये हीच तरतूद कलम ३९२ मध्ये असून ‘कर-निर्धारण वर्ष’ या संज्ञेऐवजी ‘कर वर्ष’ ही संज्ञा योजिली आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये वेतनातून नियमित करवसुलीची आजची पद्धत १९४४ मध्ये सुरू झाली. पुढील विवेचनातील दर व कलमे २०२५-२६ या वित्तीय वर्षाची व १९६१ च्या अधिनियमातील आहेत.

गणनेची रीत : मालक प्रथम कर्मचाऱ्याच्या संपूर्ण वर्षाच्या वेतनाचा अंदाज करतो, त्यातून अनुज्ञेय वजावटी कमी करतो, उरलेल्या रकमेवर कर काढतो आणि तो महिन्यांत विभागतो. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली ही मूळ प्रणाली मानली जाते. जुनी हवी असल्यास कर्मचाऱ्याने तसे कळवावे लागते. नव्या प्रणालीत वेतनातून ७५,००० रु. प्रमाणित वजावट मिळते. पहिल्या ४ लाख रुपयांवर कर नाही. त्यापुढील प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्यास अनुक्रमे ५, १०, १५, २० व २५ टक्के आणि २४ लाखांवरील रकमेस ३० टक्के दर आहे. कराच्या रकमेवर ४ टक्के उपकर पडतो. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास सवलतीमुळे सामान्यतः कर उरत नाही.

उदा., मासिक वेतन १,२५,००० रु. असल्यास वार्षिक वेतन १५,००,००० रु. व वजावटीनंतर १४,२५,००० रु. होते. त्यावरील कर ९३,७५० रु., उपकर ३,७५० रु., एकूण ९७,५०० रु.; म्हणून दरमहा कपात ८,१२५ रुपयांची होते. जुनी प्रणाली निवडणाऱ्याने गुंतवणूक, घरभाडे वा गृहकर्जाचे पुरावे वेळेवर दिले नाहीत, तर त्या वजावटी धरल्या जात नाहीत आणि फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून मोठी रक्कम जाते. पात्र वजावट विवरणपत्रात मागता येते व अधिक कापलेला कर परत मिळतो.

पगारपत्रकातील ‘व्यवसाय कर’ हा याहून वेगळा आहे. तो महाराष्ट्र राज्याच्या १९७५ च्या अधिनियमानुसार आकारला जातो व संविधानाप्रमाणे त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रु. आहे.

बारामती-इंदापूरचे उदाहरण : पगार हेच एकमेव उत्पन्न असेल, तर मालकाचे गणित व अंतिम कर बहुधा जुळतात. जेथे पगाराला शेतीची जोड आहे, तेथे हा मेळ बसेलच असे नाही. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊसशेती वाढली. माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने, वालचंदनगरचा उद्योग, बारामतीची औद्योगिक वसाहत आणि शाळा-महाविद्यालये यांमुळे नोकरदारांचा मोठा वर्गही येथे निर्माण झाला. परिणामी एकाच घरात पगार, ऊसबिल व दुधाचे पैसे येणे ही येथील नेहमीची गोष्ट आहे. करकायद्याच्या दृष्टीने मात्र ही तीन निरनिराळी उत्पन्ने आहेत.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार शेती-उत्पन्नावरील कर हा राज्यांचा विषय आहे. म्हणून उसाच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर लागत नाही. दूधव्यवसायाचे उत्पन्न मात्र शेती-उत्पन्न ठरत नाही व ते करपात्र असते. शिवाय, के. एन. राज समितीच्या १९७२ मधील शिफारशींनंतर १९७३ पासून शेतीचे निव्वळ उत्पन्न केवळ दर ठरविण्यासाठी इतर उत्पन्नात मिळविण्याची पद्धत सुरू झाली. हे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक व इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असल्यास ती लागू होते. वरील कर्मचाऱ्यास उसापासून निव्वळ २,००,००० रु. मिळाले असे समजू. १६,२५,००० रुपयांवरील कर १,२५,००० रु. होतो. त्यातून ४ लाख अधिक २ लाख, म्हणजे ६ लाखांवरील १०,००० रु. कर वजा करावयाचा. उरलेले १,१५,००० रु. व उपकर ४,६०० रु. मिळून देय कर १,१९,६०० रु. ठरतो. पगारातून कापले गेले ९७,५०० रु.; फरक २२,१०० रु. ऊसबिल हे वेतन नसल्याने हा फरक पगारपत्रकात सहसा उमटत नाही. कपात वजा जाता उरणारा कर १०,००० रु. वा अधिक असल्यास तो जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्चच्या १५ तारखांपर्यंत आगाऊ कराच्या हप्त्यांनी भरावा लागतो; अन्यथा व्याज पडते. ऊस करमुक्त आहे हे खरे, परंतु त्यामुळे पगारावरील कर वाढतो.

साखर कारखान्यांतील हंगामी कामगारांचे वेतन बारा महिने सारखे नसते. गाळप हंगामात पूर्ण पगार व पुढे रिटेन्शन भत्ता, असे त्याचे स्वरूप असते. म्हणून पूर्वीची कमी-अधिक कपात त्याच वर्षाच्या पुढील महिन्यांत समायोजित करण्याची मुभा मालकास आहे. वेतनकरार मागील तारखेपासून लागू झाला, म्हणजे अनेक महिन्यांची थकबाकी एकरकमी मिळते व एकाच वर्षाचे उत्पन्न फुगते. अशा वेळी कलम ८९ खाली सवलत मागता येते. सहकारी संस्थेच्या कर्मचाऱ्यास नमुना १० ई मध्ये तपशील देऊन ती कपातीच्या वेळीच मिळविता येते.

पडताळणी : कापलेला कर सामान्यतः पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व मार्चचा ३० एप्रिलपर्यंत भरावयाचा असतो. मालकाने दर तिमाहीस त्याचा तपशील सादर करावयाचा आणि वर्षाअखेर ‘नमुना १६’ हे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. कर्मचाऱ्याच्या खात्यावर किती कर जमा झाला, हे नमुना २६ एएस मध्ये दिसते. पगारपत्रक, नमुना १६ व नमुना २६ एएस यांतील आकडे जुळणे महत्त्वाचे. कर कापूनही मालकाने तो भरला नाही, तर कलम २०५ नुसार तेवढी रक्कम कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही. मात्र कपात झाल्याचा पुरावा त्याच्यापाशी असावा लागतो. म्हणून पगारपत्रके व बँकेतील नोंदी जपून ठेवणे इष्ट. मालकास अशा रकमेवर दरमहा दीड टक्का व्याज द्यावे लागते व त्याच्यावर खटलाही होऊ शकतो. कर्मचाऱ्याने स्थायी खाते क्रमांक (पॅन) न दिल्यास कपातीचा दर २० टक्क्यांपर्यंत चढू शकतो. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणाऱ्याने आधीच्या पगाराची माहिती नव्या मालकास न दिल्यास करमुक्त मर्यादा व वजावट दोन्हीकडे धरली जाते व अखेरीस कर थकतो.

सवलतीमुळे ज्यांच्या पगारातून काहीच कापले जात नाही, त्यांचाही विवरणपत्राशी संबंध सुटत नाही. एकूण करपात्र उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेहून अधिक असल्यास विवरणपत्र भरावेच लागते, आणि शेतीचे उत्पन्नही त्यातच नमूद करावयाचे असते. वेतन, शेती, दूध व व्याज यांचा एकत्र हिशेब मांडला जातो तो तेथेच. मासिक कपात ही त्या हिशेबातील एक जमा रक्कम होय.