ट्रकचे क्राउन-पिनियन कारला कधी बसते?

मोटारीच्या इंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या रचनेत मागचा अ‍ॅक्सल हा शेवटचा टप्पा असतो आणि तिथे दोन कामे एकाच वेळी होतात. गिअरबॉक्सकडून येणारा लांब दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, गाडीच्या लांबीच्या दिशेत असतो, तर चाके आडव्या आसावर फिरतात. गतीला हे काटकोनी वळण पिनियन हे लहान दातेरी चाक आणि क्राउन ही मोठी दातेरी कडी मिळून देतात. क्राउन ज्या पोकळ ओतीव पिंजऱ्याला बोल्टांनी जखडलेला असतो त्याच्या आत डिफरन्शियलची छोटी चाके असतात, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते तेव्हा दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे त्यांचे काम असते. ‘डिफरन्शियल बदलणे’ असे म्हटले जाते तेव्हा पुष्कळदा बदलायची असते ती क्राउन-पिनियनची जोडी, कारण गाडीची ओढ आणि धाव तिच्या दात्यांच्या प्रमाणावर अवलंबून असते.

क्राउनला ३९ आणि पिनियनला १३ दाते असले तर शाफ्टच्या तीन फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते; हेच आकडे ३७ आणि ९ असले तर प्रमाण ४.११ होते. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला आणि टॉप गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाच्याच गतीने फिरतो असे मानले, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला पहिल्या जोडीवर इंजिन मिनिटाला सुमारे १,८०० फेरे घेते आणि दुसऱ्या जोडीवर सुमारे २,५००. दुसरी जोडी चाकांवरची ओढ तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढवते, पण त्याची किंमत इंधन, आवाज आणि झीज यांच्या रूपाने सतत मोजावी लागते. ओझे वाहणाऱ्या ट्रकांना मोठे प्रमाण लागते, हमरस्त्यावर धावणाऱ्या कारला लहान. त्यामुळे कारला झटकन वेग घेता यावा असे वाटणाऱ्या अमेरिकेतील हौशी मंडळींची नजर भंगारातल्या पिकअप ट्रकांच्या अ‍ॅक्सलांकडे वळावी, हे स्वाभाविकच होते.

मात्र बाहेरून दिसणारे साम्य या कामात फार फसवे ठरते आणि जनरल मोटर्सचा ‘बारा बोल्टी’ अ‍ॅक्सल हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. मागचे झाकण बारा बोल्टांनी बसवलेले असल्यामुळे त्याला हे नाव मिळाले. १९६०च्या दशकात याच कंपनीच्या शेव्हरोले ब्रँडच्या दमदार कारांना आणि पिकअप ट्रकांनाही अशा नावाचे अ‍ॅक्सल होते आणि दोन्हींच्या क्राउनचा व्यास ८.८७५ इंच, म्हणजे अगदी तेवढाच होता. असे असूनही ट्रकची जोडी कारच्या घरात बसत नाही, कारण कारच्या पिनियनचा दांडा दीड इंचाहून जाड आहे आणि ट्रकचा त्याहून बारीक, त्यामुळे ज्या बेअरिंगांवर तो फिरतो ती बेअरिंगेच जुळत नाहीत. बोल्ट मोजून आणि क्राउनचा व्यास पाहून केलेली खरेदी अशी वाया जाते.

जोडी त्याच जातीच्या अ‍ॅक्सलची असली तरी आणखी एक अडचण उरते. प्रमाण मोठे करण्यासाठी पिनियनचे दाते कमी केले की पिनियन बारीक होते, आणि त्याच्याशी भिडण्यासाठी क्राउनला त्याच्या अधिक जवळ यावे लागते. जनरल मोटर्सने यासाठी प्रमाणांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळ्या उंचीचा पिंजरा दिला, म्हणून लहान प्रमाणाच्या कारला मोठ्या प्रमाणाची जोडी लावताना अनेकदा पिंजराही बदलावा लागतो.

याच्या अगदी उलट कीर्ती फोर्डच्या नऊ इंची अ‍ॅक्सलची आहे, आणि ती सार्थ आहे. १९५७ पासून १९८६ पर्यंत हा अ‍ॅक्सल फोर्डच्या कार आणि हलके ट्रक या दोन्हींमध्ये वापरला गेला. बारा बोल्टी अ‍ॅक्सलमध्ये क्राउन-पिनियन अ‍ॅक्सलच्या मुख्य ओतीव घरातच बसवलेले असते, त्यामुळे सारी जुळवणी गाडीखाली झोपून करावी लागते. फोर्डमध्ये मात्र पिनियन, क्राउन आणि पिंजरा हे सगळे एका वेगळ्या ओतीव तुकड्यात बसवलेले असून तो तुकडा अ‍ॅक्सलच्या घराला समोरून जोडलेला असतो. चाकांचे दांडे बाहेरच्या टोकाला पट्टीने अडकवलेले असल्यामुळे ते बाहेर ओढता येतात, मग शाफ्ट सोडून दहा नट काढले की अख्खा गोळा हाती येतो, आणि टेबलावर नीट उजेडात त्याची जुळवणी करता येते. सर्व प्रमाणांना एकच पिंजरा चालतो. 

ट्रकमधून काढलेला असा गोळा कारच्या घरात बसवता येतो, पण तिथेही दांड्यांच्या स्प्लाइन तपासाव्या लागतात. स्प्लाइन म्हणजे दांड्याच्या टोकावरच्या लांबट खाचा, ज्या डिफरन्शियलच्या चाकात अडकतात. त्या काही अ‍ॅक्सलांना २८ तर काहींना ३१ असतात, आणि २८ खाचांचा दांडा ३१ खाचांच्या चाकात चालत नाही. संपूर्ण अ‍ॅक्सल उचलून लावण्यापेक्षा केवळ गोळा बदलणे सोयीचे पडते याचे कारण चाकांच्या बोल्टांत आहे: फोर्डच्या कारांचे पाच बोल्ट साधारणपणे साडेचार इंच व्यासाच्या वर्तुळावर असतात, हलक्या ट्रकांचे साडेपाच इंचांच्या, शिवाय ट्रकच्या अ‍ॅक्सलची रुंदी आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकाही वेगळ्या असतात.

या अ‍ॅक्सलच्या बळाचीही किंमत आहे. हायपॉइड रचनेत पिनियनचा आस क्राउनच्या मध्यापासून खाली सरकवलेला असतो, आणि फोर्डने तो इतर अनेक अ‍ॅक्सलांपेक्षा अधिक खाली नेला. यामुळे दाते जास्त लांबीवर एकमेकांना भिडतात आणि भार वाटला जातो, पण ते एकमेकांवर घासतातही जास्त. उष्णता वाढते, थोडी शक्ती वाया जाते, आणि प्रचंड दाब सोसणारे हायपॉइड तेलच वापरणे भाग पडते.

कोणताही अ‍ॅक्सल असो, क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार झालेले असतात, म्हणून एका जोडीचा क्राउन आणि दुसरीचे पिनियन एकत्र आणणे म्हणजे दाते मोडायला आमंत्रण देणे होय. पिनियन किती आत बसावे हे शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, घालून ठरवतात. दात्यांमधली मोकळीक, जिला बॅकलॅश म्हणतात, इंचाच्या काही सहस्रांशांत मोजतात. आणि शेवटी दात्यांना रंग लावून चाक फिरवतात व भेटीचा ठसा दात्याच्या मध्यावर उमटतो का ते पाहतात. ठसा कडेला सरकलेला असेल तर जोडी घोंगावू लागते आणि काही काळाने दाते तुटतात. ज्या गाड्यांना चारही चाकांची ओढ असते त्यांत पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलांचे प्रमाण एकच ठेवावे लागते, नाहीतर पक्क्या रस्त्यावर पुढची आणि मागची चाके एकमेकांविरुद्ध ओढू लागतात आणि मधला गिअरबॉक्स त्या ताणाखाली सापडतो. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून वेग मोजणाऱ्या गाड्यांत स्पीडोमीटरचे छोटे गिअरही नव्या प्रमाणानुसार बदलावे लागते.

फोर्डने हा अ‍ॅक्सल बनवणे १९८६ साली थांबवले, तरी इतर उत्पादकांनी त्याची घरे, गोळे आणि जोड्या बनवणे चालूच ठेवले आहे. अमेरिकेतील नॅसकार शर्यतींच्या सर्वोच्च मालिकेत २०२२ साली नव्या पिढीची गाडी येईपर्यंत शेव्हरोलेच्या नावाने धावणाऱ्या गाड्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्येही फोर्डच्याच नऊ इंची धाटणीची रचना वापरली जात असे.